अस्पायर करार: एका व्हेंडरकडून अनेकांकडे जाताना ब्रिटिश करखात्याने काय गमावलं, काय कमावलं

एचएमआरसी म्हणजे ब्रिटनचं करखातं. आयकर, व्हॅट, कस्टम्स, नॅशनल इन्शुरन्स सगळं त्याच्या अखत्यारीत. २०१३-१४ या वर्षात या खात्याने ५०० अब्ज पौंडांहून जास्त कर गोळा केला, आणि ते काम करणाऱ्या यंत्रणेचा जवळपास सगळा कारभार एका कराराखाली चालत होता. कराराचं नाव अस्पायर. जुलै २०१४ मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसने, म्हणजे तिकडच्या कॅगने, या कराराचा हिशेब मांडला. सुरुवातीचा अंदाज ४.१ अब्ज पौंडांचा होता. मार्च २०१४ पर्यंत ७.९ अब्ज खर्च झाले होते आणि २०१७ मध्ये करार संपेपर्यंत आकडा १०.४ अब्जांवर जाईल असं दिसत होतं. खात्याच्या तंत्रज्ञानावरच्या एकूण खर्चापैकी सुमारे ८४ टक्के पैसा या एकाच वाटेने जात होता.

एवढे आकडे दिसले की ‘घोटाळा’ हा शब्द जिभेवर येतोच. इथे घोटाळा नव्हता. सिस्टीम चालत होत्या, कर जमा होत होता. यंत्रणा स्थिर आहे पण महाग आहे, असं ऑडिटनेच म्हटलं. मला हे प्रकरण त्यामुळेच महत्त्वाचं वाटतं. बुडालेल्या प्रकल्पांवर भरपूर लिहिलं जातं. नीट चाललेल्या पण हाताबाहेर गेलेल्या करारांवर कोणी लिहीत नाही. मोठ्या संस्थांमध्ये अनेक आयटी व्हेंडर सांभाळण्याच्या धंद्याला पुढे कसे दिवस आहेत, हा प्रश्न आपल्याकडे पुण्या-बंगळुरात रोज कुठल्या ना कुठल्या बैठकीत निघतो. त्याचं उत्तर मार्केट रिपोर्टांच्या फुगवलेल्या आकड्यांपेक्षा या एका करारात जास्त स्वच्छ दिसतं.

सुरुवात १९९४ पासून

एचएमआरसी २००५ मध्ये जन्माला आलं. त्याआधी आयकराचं खातं इनलँड रेव्हेन्यू आणि कस्टम्सचं खातं वेगवेगळी होती. इनलँड रेव्हेन्यूने १९९४ मध्ये आपलं आयटी इडीएस या अमेरिकन कंपनीला दहा वर्षांसाठी दिलं. नुसतं काम नाही, माणसंही दिली: सुमारे दोन हजार कर्मचारी इडीएसच्या पगारपटावर गेले. ब्रिटनमध्ये नियमच असा आहे की काम एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलं की ते करणारे लोकही त्याच अटींवर त्याच्या मागोमाग जातात. तिकडे त्याला टूपी म्हणतात. कर्मचाऱ्यांसाठी हा नियम चांगला आहे. खात्यासाठी मात्र त्याचा अर्थ असा की करमोजणीचं गणित कोडमध्ये नेमकं कुठे आणि का तसं लिहिलंय हे ज्यांना ठाऊक होतं, ते सगळे एका फटक्यात समोरच्या पक्षाचे झाले.

एप्रिल २००३ मध्ये टॅक्स क्रेडिट ही नवी योजना सुरू झाली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना करखात्यामार्फत पैसे देणारी ही योजना होती. इडीएसने बनवलेली सिस्टीम पहिल्या दिवसापासून अडखळली. लाखो कुटुंबांना पैसे उशिरा किंवा चुकीचे मिळाले. खातं आणि इडीएस यांच्यातलं भांडण मिटलं ते नोव्हेंबर २००५ मध्ये, ७ कोटी १२ लाख ५० हजार पौंडांच्या तडजोडीवर. पण त्या रकमेतले २ कोटी ६५ लाख पौंड इडीएसला पुढे सरकारकडून नवी कामं मिळण्यावर अवलंबून ठेवले होते. म्हणजे ज्याच्यावर रागावलोय त्यालाच आणखी कामं द्या, मगच आपली भरपाई वसूल होणार. कुठल्या वकिलाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली कोण जाणे, पण व्हेंडरवरचं अवलंबित्व कागदावर इतकं उघडं क्वचितच दिसतं.

टॅक्स क्रेडिट सुरू झालं तोवर इडीएसचा करार संपत आला होता. डिसेंबर २००३ मध्ये नवा ठेका, म्हणजेच अस्पायर, कॅपजेमिनी या फ्रेंच आयटी कंपनीला मिळाला आणि जुलै २००४ पासून त्यांनी काम हाती घेतलं. बसलेल्या ठेकेदाराला हटवायला कोणी पुढे येईल का, ही भीती खात्याला होती. म्हणून टेंडर भरणाऱ्यांच्या खर्चाचा काही वाटा खात्याने स्वतः उचलला. एका अर्थी हे शहाणपणाचं होतं. पण स्पर्धा जागी ठेवायला गिऱ्हाइकालाच पैसे मोजावे लागतात, यातच सगळं आलं. इडीएसची माणसं आता कॅपजेमिनीची झाली. खुर्ची तीच, स्क्रीन तीच, गळ्यातलं ओळखपत्र तेवढं बदललं.

एकाच नावाखाली अनेक

अस्पायरला ‘एका व्हेंडरचा करार’ म्हणायची पद्धत आहे, ती पूर्ण खरी नाही. वर कॅपजेमिनी, खाली फुजित्सू आणि अ‍ॅक्सेंचर, त्यांच्याखाली आणखी कितीतरी. फुजित्सूचा कस्टम्स खात्याशी स्वतंत्र करार होता. दोन्ही खाती एक झाल्यावर २००६ मध्ये तोही अस्पायरच्या पोटात आला. म्हणजे अनेक व्हेंडर पहिल्यापासून होतेच, फक्त त्यांना सांभाळायचं काम कॅपजेमिनीकडे होतं. खातं वरच्या एकाशी बोलणार, तो खालच्यांशी बोलणार. याला लीड सप्लायर पद्धत म्हणतात. बाकीच्या तीन पद्धती अशा: त्रयस्थ कंपनी इंटिग्रेटर म्हणून, म्हणजे सगळ्या व्हेंडरांचं काम जुळवून आणायला, नेमायची, ते काम स्वतः करायचं, किंवा दोन्हींची मिसळ. चारांपैकी कुठली घ्यावी यावर सल्लागार मंडळी तासन्‌तास स्लाइड दाखवू शकतात.

लीड सप्लायर पद्धतीत सोय मोठी आहे. एक फोन, एक बिल, एक मान पकडायला. किंमत दिसते ती नंतर. मार्च २०१४ पर्यंत कॅपजेमिनी आणि फुजित्सूने मिळून या करारातून १.२ अब्ज पौंड नफा कमावला होता. कराराच्या सुरुवातीला गृहीत धरलेल्या नफ्याच्या हे दुपटीहून जास्त. कामाच्या किमतीच्या प्रमाणात सांगायचं तर १५.८ टक्के, जेव्हा अपेक्षा सव्वाबारा टक्क्यांच्या आसपास होती. व्हेंडरने नफा कमावला यात गैर काहीच नाही. खात्याने तो कमावू कसा दिला, हा खरा प्रश्न आहे.

२००७ मध्ये खात्यावर खर्चकपातीचा दबाव होता. लगेच काही बचत दाखवायची होती. त्या बदल्यात करार तीन वर्षांनी वाढवून २०१७ पर्यंत नेला गेला. पुढच्या वाटाघाटींमध्ये आणखी काही गोष्टी सुटल्या: दुसऱ्या कोणाला काम देण्याची धमकी, ठरल्यापेक्षा जास्त झालेल्या नफ्यात वाटा मागण्याचा हक्क. नंतरच्या ऑडिटने नेमकं यावरच बोट ठेवलं. अशा वाटाघाटी पाहिलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं, वरून ‘दहा टक्के कमी करा’ असा निरोप येतो, व्हेंडरचा अकाउंट मॅनेजर हसतमुखाने ‘आम्ही मदत करू’ म्हणतो आणि मुदतवाढीचं परिशिष्ट पुढे सरकवतो. बचत या वर्षीच्या अहवालात जाते. हक्क गेले ते पुढच्या अधिकाऱ्याच्या वाट्याला. अस्पायरमध्ये बिघडलं ते २००४ च्या टेंडरमध्ये नाही, २००७ च्या या सौद्यात, असं माझं मत आहे. सल्लागारांचं बोट मात्र नेहमी टेंडरकडे जातं, कारण त्यांचं काम टेंडर लिहिण्याचं असतं.

कपातीबरोबर एक गोष्ट आणखी घडत गेली. वाटाघाटीला बसणाऱ्या खात्याच्या माणसांनी सिस्टीम आतून कधी पाहिलेलीच नव्हती. अमुक बदलाला व्हेंडर चाळीस माणसांचे तीन महिने मागतोय, ते रास्त आहे की नाही हे सांगणारा माणूस घरात उरला नव्हता. बाजारभावाशी तुलना करायचं कलम करारात असून उपयोग नसतो; ती तुलना वाचून वाद घालायला माणूस लागतो.

एका तिकिटाचा प्रवास

इथे जरा थांबून अनेक व्हेंडरांमध्ये काम प्रत्यक्ष कसं अडकतं ते बघू, म्हणजे पुढचे निर्णय कळतील. खालचा प्रसंग रचलेला आहे, पण यूकेच्या क्लायंटसाठी सपोर्टला बसलेल्या कोणालाही तो नवा वाटणार नाही.

ब्रिटनमध्ये स्वतःचं करविवरण ऑनलाइन भरण्याची शेवटची तारीख ३१ जानेवारी. एक कोटीहून जास्त लोक हे विवरण भरतात आणि शेवटच्या दिवशी लाखोंची झुंबड असते. समजा, त्या दिवशी दुपारी चारला, म्हणजे पुण्यात रात्री साडेनऊला, लॉगिन झाल्यावर पान उघडायला चाळीस सेकंद लागू लागले. सर्व्हिस डेस्क व्हेंडर ‘अ’ कडे आहे; त्याने पी-वन तिकीट, म्हणजे सर्वात तातडीच्या तक्रारीची नोंद, काढून अ‍ॅप्लिकेशनवाल्या ‘ब’ कडे पाठवलं. ‘ब’ ने लॉग बघितले: आमचं कोड ठीक आहे, डेटाबेसकडून उत्तर उशिरा येतंय. तिकीट ‘क’ कडे. ‘क’ म्हणतो डेटाबेसवर ताण नाही, नेटवर्क बघा. ‘ड’ नेटवर्कचा आलेख जोडतो, सगळं हिरवं. तिकीट पुन्हा ‘ब’ कडे. दोन तास गेले. ब्रिज कॉलवर तीस माणसं आहेत, त्यातले पंचवीस म्यूटवर.

आता एसएलएचा, म्हणजे करारात ठरलेल्या सेवेच्या वेळांचा, हिशेब बघा. प्रत्येकाच्या करारात पी-वन चार तासांत सोडवायचं असं लिहिलंय, पण तिकीट दुसऱ्याच्या रांगेत गेलं की पहिल्याचं घड्याळ थांबतं. चौघांनी प्रत्येकी अर्धा तास वापरला. महिन्याच्या अहवालात चौघेही शंभर टक्के. दंड कोणालाच नाही. आयटीतली माणसं अशा अहवालाला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवा आणि आत लालभडक.

या ठिकाणी सर्व्हिस इंटिग्रेटरची गरज लागते: सगळ्यांच्या वर बसून ‘आधी दुरुस्त करा, पैशाचं भांडण नंतर’ म्हणणारा कोणीतरी. पण मेख अशी की ‘ब’, ‘क’, ‘ड’ या सगळ्यांचे करार गिऱ्हाइकाशी आहेत, इंटिग्रेटरशी नाहीत. इंटिग्रेटर बाहेरची कंपनी असेल तर ती ना कोणाचं बिल रोखू शकते ना दंड लावू शकते. ती फक्त बैठक बोलावू शकते, आठवण करून देऊ शकते आणि एक्सेल भरू शकते. शिवाय ‘क’ च्या डेटाबेसमध्ये खरंच काही गडबड आहे की नाही हे कळायला सिस्टीमची समज लागते; ती तिच्याकडे कुठून येणार? गिऱ्हाइकाच्या घरात तो माणूस असेल तर पंधरा मिनिटांत निकाल लागतो. नसेल तर इंटिग्रेटर म्हणजे साखळीतला आणखी एक व्हेंडर.

लाल रेषा

जानेवारी २०१४ मध्ये ब्रिटनच्या कॅबिनेट ऑफिसने सगळ्या सरकारी आयटी करारांसाठी काही लाल रेषा आखल्या. तेव्हा मंत्री होते फ्रान्सिस मॉड. अपवादात्मक कारण असल्याशिवाय १० कोटी पौंडांच्या वरचा आयटी करार नको. आपोआप मुदतवाढ नको. होस्टिंगचे करार दोन वर्षांपेक्षा मोठे नकोत. आणि जी कंपनी एखाद्या खात्याला सेवा पुरवते तिनेच तिथे इंटिग्रेटर म्हणून बसायचं नाही. शेवटची रेषा अस्पायरसारख्या रचनेच्या मुळावरच होती.

मग अनेक खात्यांनी सोपा मार्ग धरला. मोठ्या कराराचे उभे तुकडे केले: डेस्कटॉप एक, नेटवर्क एक, होस्टिंग एक, अ‍ॅप्लिकेशन एक. त्यांना टॉवर म्हणायचं, आणि त्यांच्यावर बाहेरचा इंटिग्रेटर विकत आणायचा. बाजाराला हे फार आवडलं, कारण एका ठेक्याचे पाच झाले. पण फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकारच्याच डिजिटल विभागाने, जीडीएसने, जाहीरपणे सांगून टाकलं की टॉवर आणि वर विकतचा इंटिग्रेटर ही पद्धत आम्ही सुचवत नाही. त्यांचा मुद्दा साधा होता: टॉवर केले तरी जबाबदारी बाहेरच राहते, आणि तुकडे तंत्रज्ञानाच्या थरांप्रमाणे पाडले आहेत, लोकांना लागणाऱ्या सेवेप्रमाणे नाहीत. वरच्या तिकिटातले अ, ब, क, ड हेच ते टॉवर.

एचएमआरसी पुढे मोठी गोची होती. जानेवारी २०१५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने, मार्गारेट हॉज यांच्या अध्यक्षतेखाली, खात्याला चांगलंच धारेवर धरलं. २०१७ ला अस्पायर संपवायचं तर त्या जागी काय आणणार याचा पक्का आराखडा कुठे आहे, आणि हे सगळं सांभाळायला लागणारी माणसं कुठे आहेत? कर गोळा करण्यात एक टक्क्याचा खोळंबा झाला तरी वर्षाला पाच अब्ज पौंडांचा खड्डा. इतक्या मोठ्या जोखमीसमोर ‘जुनं काढा, नवं लावा’ असं तारीख ठरवून होत नाही.

खात्याने शेवटी जे केलं ते दिसायला फारसं आकर्षक नव्हतं. २०१५ मध्ये स्वतःच्या मालकीची, नफा न कमावणारी एक कंपनी काढली, रेव्हेन्यू अँड कस्टम्स डिजिटल टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस. कॅपजेमिनीतले शेकडो लोक टप्प्याटप्प्याने तिच्यात आले. सरकारी पगारश्रेणीत चांगला आयटीवाला टिकत नाही, म्हणून वेगळी कंपनी. म्हणजे पगार बाजाराच्या जवळ ठेवता येतो. १९९४ मध्ये सरकारी नोकर म्हणून इडीएसकडे गेलेला, २००४ मध्ये कॅपजेमिनीकडे आलेला आणि आता पुन्हा करखात्याच्या कंपनीत परतलेला माणूस टेलफर्डच्या, म्हणजे खात्याचं आयटी जिथे चालतं त्या गावातल्या, कँटीनमध्ये सापडणं अशक्य नाही. तीन वेळा नोकरी बदलली, एकदाही जागा न सोडता. वीस वर्षांपूर्वी फुकटात दिलेलं ज्ञान खात्याने पगार वाढवून परत घेतलं.

अस्पायर २०१७ ला एकदम तोडला नाही. काही सेवा आधी काढून घेतल्या, काही २०२० पर्यंत चालू ठेवल्या. फुजित्सू आणि कॅपजेमिनी यांच्याशी सरळ, वेगवेगळे करार झाले. उपठेकेदारांशी थेट बोलण्याची वाट तर २०१२ च्या समझोत्यातच उघडली होती. त्यानंतरही या दोन्ही कंपन्यांकडे खात्याची मोठी कामं राहिली. ‘एवढं करून शेवटी तेच व्हेंडर?’ असं कोणी विचारेल. पण फरक आहे. पूर्वी कॅपजेमिनीने सांगितलेली किंमत हीच किंमत होती; आता टेबलाच्या या बाजूला सिस्टीम ओळखणारी माणसं बसतात.

लहान व्हेंडरांना वाव देण्याच्या धोरणाची एक कडू बाजूही याच काळात दिसली. खात्याचं नवं डिजिटल कर-प्लॅटफॉर्म काही काळ मँचेस्टरच्या डेटासेंटर्ड या छोट्या क्लाउड कंपनीवर चालत होतं. एचएमआरसी तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मग खात्याने काम अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर हलवलं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये डेटासेंटर्ड दिवाळखोरीत गेली. अनेक व्हेंडर ठेवणं म्हणजे त्यातल्या काहींचं मरण आपल्या एका निर्णयावर लटकलेलं असतं, हे व्हेंडर मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. गिऱ्हाइकासाठीही तो धोकाच आहे: ज्याचा निम्मा धंदा आपणच आहोत असा व्हेंडर स्वस्त पडतो, पण त्याला सोडणं अवघड होतं.

या सगळ्याची परीक्षा कोणी न ठरवता झाली. २० मार्च २०२० रोजी ब्रिटिश सरकारने कोविडमुळे घरी बसलेल्या कामगारांचा पगार देण्याची योजना जाहीर केली. पैसे द्यायचे एचएमआरसीने. २० एप्रिलला पोर्टल उघडलं, पहिल्याच दिवशी एक लाखाहून जास्त कंपन्यांनी अर्ज केले आणि ते कोसळलं नाही. योजना संपेपर्यंत एक कोटी सतरा लाख नोकऱ्यांना तिचा आधार मिळाला. सगळं श्रेय घरच्या टीमला देणं बरोबर नाही. बाहेरचे पुरवठादारही कामाला जुंपले होते. पण प्लॅटफॉर्म खात्याच्या ताब्यात होता, बदल करायला चेंज रिक्वेस्ट काढून किमतीवर घासाघीस करायची नव्हती. २००३ च्या टॅक्स क्रेडिटशी तुलना केली की सतरा वर्षांत काय बदललं ते डोळ्यांसमोर येतं.

मग बाजाराचं काय

आता मूळ प्रश्न. अनेक व्हेंडर सांभाळून देण्याची सेवा विकणाऱ्यांना पुढे कसे दिवस आहेत?

गरज वाढतेय यात शंका नाही, आणि ती वाढवणारे मुख्यतः नियामक आहेत. युरोपियन युनियनचा डोरा कायदा १७ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. बँका आणि विमा कंपन्यांना आपल्या सगळ्या आयटी पुरवठादारांची नोंदवही ठेवावी लागते, त्यात महत्त्वाच्या कामांचे उपठेकेदारही आले. ब्रिटनने त्याच महिन्यात वित्त क्षेत्रातल्या कळीच्या बाहेरच्या पुरवठादारांसाठी वेगळी चौकट आणली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी आयटी आउटसोर्सिंगवर मास्टर डायरेक्शन काढलं, ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालं. त्याचा गाभा अस्पायरच्या धड्याशी जुळतो: काम बाहेर द्या, पण जबाबदारी बँकेचीच. मोठ्या नागरी सहकारी बँकेच्या आयटी प्रमुखाला आता ‘ते आमच्या व्हेंडरकडे आहे’ म्हणून तपासणी अधिकाऱ्याला कटवता येत नाही.

पुरवठादार कोणाला म्हणायचं हेही धूसर झालंय. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. डेल्टा एअरलाइन्सने त्या आठवड्यात सुमारे सात हजार उड्डाणं रद्द केली आणि पुढे कंपनीवर दावा ठोकला. लॅपटॉपच्या कोपऱ्यात गुपचूप बसलेल्या त्या सॉफ्टवेअरला ‘सेवा पुरवठादार’ म्हणून बैठकीला बोलवायचं कोणाच्या मनात आलं असेल?

दुसरीकडे लंबक उलटा जातोय. २०२३ पासून आपल्या मोठ्या आयटी कंपन्यांच्या तिमाही निकालांत ‘व्हेंडर कन्सॉलिडेशन’ हा शब्द सारखा ऐकू येतो: क्लायंट पंधरा व्हेंडरांवरून तीनवर येतोय आणि बदल्यात दर पाडून मागतोय. म्हणजे अस्पायर पुन्हा, थोड्या लहान आकारात. २००५ मध्ये डच बँक एबीएन अ‍ॅम्रोने आयबीएम, टीसीएस, इन्फोसिस, अ‍ॅक्सेंचर आणि पटनी अशा पाच जणांत १.८ अब्ज युरोचं काम वाटलं, तेव्हा भारतीय कंपन्यांसाठी तो मोठा दिवस होता. आता त्याच कंपन्या ‘सगळं आम्हालाच द्या’ म्हणत दारात उभ्या आहेत. यात चूक नाही, धंदा आहे. पण घेणाऱ्याने २००७ चा सौदा आठवावा. स्वस्त दराच्या बदल्यात नेमका कुठला हक्क जातोय, याची यादी सही करण्याआधी लिहून काढलेली बरी.

आणि इंटिग्रेटरच्या कामाचं? त्यात दोन वेगळ्या गोष्टी एका पाकिटात विकल्या जात होत्या. एक म्हणजे तिकिटं इकडून तिकडे नेणं, टूल जोडणं, अहवाल बनवणं, बैठकांची मिनिट्स लिहिणं. याची किंमत झपाट्याने पडतेय. सर्व्हिसनाऊसारख्या प्लॅटफॉर्ममध्ये तिकीट वाचून योग्य रांगेत टाकणं, आधीच्या तशाच घटना शोधणं, आरसीएचा, म्हणजे बिघाडाच्या मूळ कारणाचा, मसुदा लिहिणं हे काम यंत्र बऱ्यापैकी करू लागलंय. तीस माणसांच्या इंटिग्रेशन टीममधल्या वीस जणांचं काम हेच होतं, आणि त्यातले बरेच हिंजवडी किंवा खराडीत बसतात. त्यांना हे कोणी स्पष्टपणे सांगत नाही म्हणून इथे सांगतो.

दुसरी गोष्ट म्हणजे निवाडा. कोणाची चूक, कोणाला थांबवायचं, कोणता धोका पत्करायचा. ही बाहेर विकत मिळत नाही हे टॉवर पद्धतीने दाखवून दिलं. जनरल मोटर्सने २०१२ मध्ये आयटी घरी आणायचं ठरवलं तेव्हा जवळपास ९० टक्के काम बाहेर होतं. तीन वर्षांत हे प्रमाण उलटं करण्याचं उद्दिष्ट त्यांनी ठेवलं होतं. भारतात याचं रूप म्हणजे जीसीसी, विदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं. नॅसकॉमच्या २०२४ च्या मोजणीत अशी सतराशेहून जास्त केंद्रं आणि सुमारे १९ लाख कर्मचारी होते. सेवा कंपनीत क्लायंटची सिस्टीम आठ वर्षं सांभाळलेली मुलगी त्याच क्लायंटच्या बाणेरमधल्या केंद्रात जाते, तेव्हा टेलफर्डमध्ये जे झालं तेच होतं, फक्त टूपीशिवाय. राजीनामा, नोटीस पीरियड आणि वाढलेला पगार.

त्यामुळे इंटिग्रेशन सेवेचा बाजार वाढेल असं म्हणणाऱ्या अहवालांशी माझं भांडण नाही, पण वाढणारा पैसा त्यांनी धरलेल्या खिशात जाईल असं वाटत नाही. तो टूल विकणाऱ्यांकडे, नियमपालनाचं काम करणाऱ्यांकडे आणि क्लायंटच्या स्वतःच्या टीमकडे जाईल. मधल्या इंटिग्रेटर कंपन्यांना टिकायचं असेल तर मुदत ठरवून घ्यावी लागेल: दोन-तीन वर्षं आम्ही बसतो, त्या काळात तुमची आठ-दहा माणसं तयार करतो, मग निघतो. असा करार विक्री विभागाला आवडत नाही, कारण त्यात आपला शेवट आपणच लिहायचा असतो.

आणि घेणाऱ्यांसाठी एक छोटी चाचणी. तुमच्या सगळ्यात मोठ्या व्हेंडरच्या करारातलं एक्झिट प्लॅनचं, म्हणजे त्याला सोडताना काम कसं हलवायचं याचं, परिशिष्ट काढा आणि शेवटचा बदल कधी झाला ती तारीख बघा. ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या होरायझन प्रकरणानंतर (फुजित्सूच्या सदोष सॉफ्टवेअरमुळे शेकडो पोस्टमास्तरांवर चोरीचे खोटे आरोप झाले होते) फुजित्सूने जानेवारी २०२४ मध्ये सरकारच्या नव्या टेंडरांमध्ये भाग घेणं आपणहून थांबवलं. चालू करार मात्र बंद करता आले नाहीत, काहींना मुदतवाढही द्यावी लागली; त्यात एचएमआरसीचेही होते.